कार्डावर १९४८ छापलंय, मग ते १९४९चं कसं? जुन्या बेसबॉल कार्डांचं वय असं ओळखतात

पत्त्याच्या पानापेक्षा जरा मोठा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, मागे त्याची माहिती आणि आकडेवारी. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात असं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. तेव्हाच्या दराने साधारण १०० कोटी रुपये! कार्ड होतं न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मिकी मँटलचं. काढलं होतं टॉप्स या च्युइंगम कंपनीने. वर्ष होतं १९५२.

आता पुढची गोष्ट. १९५२ची ही मालिका टॉप्सनेच १९८३ मध्ये पुन्हा छापली आणि त्यातही मँटलचं हे कार्ड होतं. चित्र तेच, खेळाडू तोच, कंपनीही तीच. पण १९८३च्या कार्डाची किंमत मूळ कार्डाच्या आसपासही फिरकत नाही. हा सगळा फरक एकाच गोष्टीने पडतो, ती म्हणजे छपाईचं वर्ष.

मग हे वर्ष ठरवतात कसं? कारण बहुतेक जुन्या कार्डांवर वर्ष छापलेलंच नसतं. आणि जिथे छापलेलं असतं, तिथे ते खरं असेलच असंही नाही. सोप्या भाषेत समजून घेऊ.

मुळात ही कार्डं आली कुठून?

अमेरिकेत बेसबॉल कार्डांचा पसारा वाढला तो सिगारेटमुळे. सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. कंपन्यांनी त्यावर चित्रं छापायला सुरुवात केली. गुडविन कंपनीच्या ‘ओल्ड जज’ सिगारेटबरोबर १८८६ ते १८९० या काळात बेसबॉलपटूंचे फोटो मिळत. हे फोटो स्टुडिओत काढलेले असत. झेल घेणाऱ्या खेळाडूसमोर चेंडू चक्क दोऱ्याला टांगलेला असे. काही कार्डांवर तो दोरा आजही दिसतो.

पुढे सिगारेटची जागा गोळ्या-चॉकलेटं आणि च्युइंगमने घेतली. बोस्टनच्या गाउडी कंपनीची १९३३ची मालिका गाजली. दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन, लीफ आणि टॉप्स या कंपन्या उतरल्या. यातलं कुठलंही कार्ड जपून ठेवण्यासाठी काढलेलं नव्हतं. माल खपावा, मुलांनी पुन्हा दुकानात यावं, एवढाच हेतू. त्यामुळे कार्डावर वर्ष टाकण्याची गरज बहुतेकांना वाटली नाही.

वर्षाला एवढं महत्त्व कशासाठी?

पहिलं कारण आहे ‘रूकी कार्ड’. खेळाडू मोठ्या लीगमध्ये आल्यावर निघालेलं त्याचं पहिलं कार्ड, असा याचा ढोबळ अर्थ. संग्राहक यासाठी जास्त पैसे मोजतात. बेब रूथ हा बेसबॉलमधला दंतकथा बनलेला खेळाडू. त्याच्या रूकी कार्डाची मालिका अनेक वर्षं १९१५ची मानली जात होती. नंतरच्या संशोधनातून ती १९१६ची असल्याचं समोर आलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाचं वय एका वर्षाने बदललं की याद्या, लेबलं आणि लिलावाची वर्णनं असं सगळंच बदलावं लागतं.

(मँटलचं १९५२चं कार्ड मात्र याला अपवाद आहे. त्याचं रूकी कार्ड १९५१चं, बोमन कंपनीचं. तरी बाजारात मान १९५२च्या टॉप्सला.)

दुसरं कारण सरळ आहे. वर्षावर किंमत ठरते, म्हणून वर्षाची फसवणूक होते. आजोबांच्या पेटीत सापडलं असं सांगून नवी छपाई जुनी म्हणून विकली जाते. अशा वेळी विकत घेणाऱ्याकडे कार्डाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

पद्धत काय? दोन टोकं पकडायची

जाणकार माणूस कार्ड बघून थेट ‘हे अमुक सालचं’ असं म्हणत नाही. तो आधी दोन प्रश्न विचारतो. हे कार्ड कोणत्या वर्षाच्या आधी छापलं जाणं शक्यच नाही? आणि कोणत्या वर्षानंतर छापलं जाणं शक्य नाही?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. एखाद्या फोटोत खेळाडूच्या अंगावर ‘पुणे वॉरियर्स’ची जर्सी दिसली, तर सामना २०११, २०१२ किंवा २०१३च्या आयपीएलमधला, हे तारीख न बघताही सांगता येतं. कारण हा संघ तीनच हंगाम खेळला. बेसबॉल कार्डांचं गणित नेमकं असंच चालतं. प्रत्येक पुरावा एकेक टोक आत ढकलतो. शेवटी हातात एक-दोन वर्षंच उरतात.

पुरावा पहिला : संघ

अमेरिकेत आख्खे संघ शहर बदलतात. त्यामुळे संघाचं नाव हा पहिला पुरावा. काही ठळक वर्षं अशी :

- बोस्टन ब्रेव्हज १९५३ मध्ये मिलवॉकीला आणि १९६६ मध्ये अटलांटाला गेले.
- सेंट लुईस ब्राउन्स १९५४ मध्ये बाल्टिमोरला गेले.
- फिलाडेल्फियाचे ॲथलेटिक्स १९५५ मध्ये कॅन्सस सिटीला आणि १९६८ मध्ये ओकलंडला गेले.
- ब्रुकलिन डॉजर्स लॉस एंजेलिसला आणि न्यूयॉर्क जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला, दोन्ही १९५८ मध्ये.

कार्डावर ‘मिलवॉकी ब्रेव्हज’ असेल तर ते १९५३च्या आधीचं नाही. त्यात खेळाडू कोणत्या वर्षी कोणत्या संघात होता हे जोडलं की मधली वर्षं आणखी गळतात.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘टी-२०६’ या मालिकेचं. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात ती काढली. पाचशेहून अधिक वेगवेगळी कार्डं, आणि ती सोळा ब्रँडच्या तंबाखूबरोबर वाटलेली. (त्यातल्या एका ब्रँडचं नाव चक्क ‘हिंदू’ होतं.) या मालिकेत रे डेमिट आणि बिल ओ’हारा हे दोन खेळाडू दोन-दोन प्रकारे आढळतात. काही कार्डांवर न्यूयॉर्क, काहींवर सेंट लुईस. दोघंही १९०९चा हंगाम न्यूयॉर्कच्या संघांकडून खेळले आणि १९१० मध्ये सेंट लुईसच्या संघांत होते. म्हणजे सेंट लुईसवालं कार्ड नंतरचं. आणखी एक खूण : सेंट लुईसची ही दोन कार्डं ‘पोलर बेअर’ या एकाच ब्रँडच्या जाहिरातीसह सापडतात. त्यामुळे ते कार्ड कोणत्या टप्प्यात आणि कोणत्या मालाबरोबर बाहेर पडलं, हे दोन्ही कळतं.

पुरावा दुसरा : आकडेवारी

टॉप्सने १९५२च्या कार्डांवर मागच्या बाजूला दोन ओळी दिल्या. ‘गेलं वर्ष’ आणि ‘आजवरची कारकीर्द’. कोणतं वर्ष ते मात्र लिहिलं नाही. म्हणून आकडे नोंदींशी जुळवून बघावे लागतात. मँटल १९५१ मध्ये ९६ सामने खेळला आणि त्याने १३ होम रन मारले. कार्डावरच्या ‘गेल्या वर्षा’चे आकडे याच्याशी जुळतात, म्हणजे कार्ड १९५२चं.

साधा नियम : शेवटचा पूर्ण हंगाम ज्या वर्षाचा, कार्ड त्याच्या पुढच्या वर्षाचं. बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो आणि कार्डं नव्या हंगामासाठी छापली जातात, म्हणून हे चालतं.

आता स्वतः करून बघा. समजा हातात सँडी कोफॅक्स या गोलंदाजाचं, म्हणजे तिथल्या भाषेत पिचरचं, कार्ड आहे. संघ लॉस एंजेलिस डॉजर्स. म्हणजे १९५८च्या आधीचं नाही. कोफॅक्स १९६६च्या हंगामानंतर निवृत्त झाला. म्हणजे फार तर १९६७. (स्मरणार्थ कार्डं नंतरही निघतात, म्हणून हे टोक थोडं कच्चं.) मागच्या आकडेवारीत ताज्या हंगामाचे २५ विजय आणि ५ पराभव दिसतात. कोफॅक्सची ही कामगिरी १९६३ची. उत्तर : १९६४. वर्ष कुठेही छापलेलं नसताना तीन पायऱ्यांत उत्तर मिळालं.

पुरावा तिसरा : सरकारने उमटवलेल्या खुणा

कार्ड काढणाऱ्याला वर्षाची फिकीर नसली तरी कर खात्याला असते. ‘टी-२०६’च्या मागे सिगारेटच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरात कारखान्याचा क्रमांक दिसतो. उदाहरणार्थ, ‘कारखाना क्रमांक २५, दुसरा जिल्हा, व्हर्जिनिया’. तंबाखूवर कर असल्यामुळे कारखान्यांना असे क्रमांक होते. कार्ड कुठल्या मालाबरोबर गेलं याचा तो पत्ताच आहे.

त्याच जाहिरातींत ‘१५०’, ‘३५०’ किंवा ‘४६०’ असे आकडेही असतात. मालिकेत किती चित्रं आहेत, याची ती घोषणा. आकडा वाढत गेला, त्यामुळे १५०वालं कार्ड सुरुवातीचं आणि ४६०वालं शेवटच्या टप्प्यातलं. शेरी मॅगी या खेळाडूच्या आडनावाचं स्पेलिंग एका कार्डावर चुकलं होतं. ही चूक फक्त ‘पीडमाँट’ ब्रँडच्या १५०च्या कार्डांवर सापडते. म्हणजे चूक लवकर लक्षात आली आणि सुधारली गेली. शेवटचं टोकही सरकारनेच दिलं आहे. २९ मे १९११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीच्या खटल्यात अमेरिकन टोबॅकोचे तुकडे करण्याचा निकाल दिला. सगळे ब्रँड एका छत्राखाली असण्याचा काळ तिथे संपत आला.

याहून जुन्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या संघांच्या फोटोंसाठी आणखी एक खूण आहे. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात खर्च भागवण्यासाठी सरकारने फोटोंवर कर लावला. १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात विकलेल्या फोटोंच्या मागे महसुली तिकीट लावावं लागे. असं मूळ तिकीट असलेला फोटो जेमतेम दोन वर्षांच्या चौकटीत बसतो.

पत्ताही बोलतो. अमेरिकेत झिप कोड १ जुलै १९६३ रोजी सुरू झाला. ‘कुपन या पत्त्यावर पाठवा’ अशा मजकुरात झिप कोड असेल तर तो कागद त्याच्या आधीचा असूच शकत नाही. नसेल तर मात्र ठामपणे काही म्हणता येत नाही, कारण नवी पद्धत सगळ्यांनी लगेच उचलली नव्हती.

पुरावा चौथा : कागद, शाई आणि पट्टी

आधी पट्टी घ्या. १९५२चं टॉप्स कार्ड २ पूर्णांक ५/८ इंच रुंद आणि ३ पूर्णांक ३/४ इंच उंच आहे. १९५७ पासून टॉप्सने अडीच बाय साडेतीन इंचांचा आकार धरला आणि तोच पुढे रूढ झाला. १९८३चं पुनर्मुद्रणही याच छोट्या आकारात आहे. म्हणजे १०० कोटींचा मँटल आणि पुनर्मुद्रित मँटल यांतला फरक शाळेच्या कंपासपेटीतली पट्टीही सांगू शकते.

मग भिंग. ‘टी-२०६’ची छपाई शिळाप्रेसच्या तंत्राने झाली होती. त्यात चौकटीची रेघ आणि नावाची अक्षरं एकसंध शाईची दिसतात. आजच्या ऑफसेट पद्धतीने फोटोवरून नक्कल छापली तर अक्षरंसुद्धा बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. नोटा तपासताना करतो तसंच हे.

शेवटी अतिनील दिवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. असा कागद अतिनील प्रकाशात निळसर उजळतो. १९१०चं म्हणून दिलेलं कार्ड तसं उजळलं तर संशय घ्यायला जागा आहे. पण उलट खरं नाही. कार्ड उजळलं नाही म्हणजे ते जुनंच, असा अर्थ निघत नाही. ती रसायनं न घातलेला कागद आजही मिळतो, आणि जुना कोरा कागद मिळवून त्यावरही छापता येतं. ही चाचणी नापास करू शकते, पास करू शकत नाही.

मग छापलेलं वर्ष का फसवतं?

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. लीफ कंपनीच्या ९८ कार्डांच्या मालिकेत जॅकी रॉबिन्सनचं कार्ड आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनकडून मैदानात उतरून आधुनिक मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा हा खेळाडू. त्यामुळे हे कार्ड फार मोलाचं. मालिकेतल्या काही कार्डांवर कॉपीराइटचं वर्ष १९४८ आहे, काहींवर १९४९. अनेक दशकं ती ‘१९४८ची लीफ’ म्हणून ओळखली गेली.

पण कॉपीराइटचं वर्ष हे मजकुराच्या हक्काचं असतं. कार्ड दुकानात कधी आलं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. याच मालिकेत सॅचेल पेज हा पिचर क्लीव्हलंड इंडियन्सचा म्हणून आहे. पेज क्लीव्हलंडशी करारबद्ध झाला जुलै १९४८ मध्ये. म्हणजे निम्मा हंगाम संपेपर्यंत हे कार्ड तयार होणंच शक्य नव्हतं. त्यात काही कार्डांवर थेट १९४९ छापलेलं. सगळे पुरावे एकत्र ठेवल्यावर अभ्यासकांचा कल आता मालिका १९४९च्या सुरुवातीला बाजारात आली, या निष्कर्षाकडे आहे. बाजारात आजही ‘१९४८’, ‘१९४९’ आणि ‘१९४८-४९’ अशी तिन्ही लेबलं दिसतात. विकत घेणाऱ्याने हे माहीत ठेवलेलं बरं.

दुसरा सापळा गाउडीच्या १९३३च्या मालिकेत आहे. १०६ क्रमांकाचं कार्ड त्या वर्षी निघालंच नाही. मुलं ते शोधत गम विकत घेत राहिली. तक्रारी गेल्यावर कंपनीने १९३४ मध्ये नॅप लाजोई या जुन्या खेळाडूचं कार्ड १०६ क्रमांकाने छापलं आणि तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवलं. मालिका १९३३ची, छपाई १९३४ची. क्रमांकावरून वर्ष ठरवणारा इथे हमखास चुकतो.

तिसरा सापळा १९७४चा. सॅन डिएगो पाद्रेज हा संघ वॉशिंग्टनला जाणार अशी चिन्हं होती. टॉप्सने काही खेळाडूंच्या कार्डांवर ‘वॉशिंग्टन’ छापूनही टाकलं. संघ गेलाच नाही. फक्त संघाच्या इतिहासावरून वर्ष शोधायला गेलात तर हे कार्ड कुठेच बसणार नाही.

ही सगळी नोंद ठेवली कोणी?

जेफरसन बर्डिक. सिरॅक्यूज शहरातला विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यातला कामगार. कार्डांना कचरा समजलं जात होतं त्या काळात त्यांनी जमतील ती सगळी छापील कार्डं गोळा केली, वर्गवारी केली आणि १९३९ मध्ये सूची छापली. ‘टी-२०६’ हे नाव त्यांच्याच पद्धतीतून आलं. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, ‘एन’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. संधिवाताने बोटं आखडत गेली तरी त्यांनी तीन लाखांहून अधिक कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले आणि ते स्वतः अल्बममध्ये चिकटवले. हे काम जानेवारी १९६३ मध्ये संपलं. दोन महिन्यांनी ते गेले.

आजच्या कोट्यवधींच्या बाजाराचा पाया असा एका कामगाराच्या फावल्या वेळात घातला गेला.

आता तर ग्रेडिंग कंपन्या आहेत, मग चिंता कशाची?

आज कार्ड तपासून, गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचा उपयोग आहेच. पण लेबल हे मत असतं. ‘टी-२०६’मधलं होनस वॅग्नरचं एक कार्ड याचा पुरावा. ते १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरना आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरना विकलं गेलं. ग्रेडिंगमध्ये त्याला दहापैकी आठ गुण मिळाले होते. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने फसवणुकीच्या खटल्यात कबुली दिली की, कडा नव्यासारख्या दिसाव्यात म्हणून त्याने हे कार्ड कापलं होतं. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. कार्डाचं वय खरंच होतं, अवस्था खोटी होती.

म्हणून विकणाऱ्याला ‘हे कुठल्या सालचं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘कशावरून?’ हेही विचारा. संघ, आकडेवारी, मागचा मजकूर, आकार आणि कागद यांतल्या किमान दोन-तीन गोष्टी एकाच वर्षाकडे बोट दाखवत असतील तर ठीक. उत्तर फक्त ‘छापलंय ना त्यावर’ असं आलं, तर पैसे खिशातच राहू द्या.

आपल्या घरातल्या जुन्या कागदांना हे लागू पडतं का?

हो, पद्धत तीच. किंमत आण्यांत असेल तर छपाई बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीची किंवा त्याच्या आसपासची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. पत्त्यात पिन कोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. ‘महाराष्ट्र राज्य’ असा शिक्का असेल तर १ मे १९६० नंतरचा. देवघरातल्या रविवर्मा प्रेसच्या चित्राखालचा पत्ताही वाचा. १८९४ मध्ये हा छापखाना मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. पत्ता कुठला आहे त्यावरून चित्र आधीचं की नंतरचं, याचा अंदाज येतो.

एक काळजी मात्र घ्या. जुना कागद लॅमिनेट करू नका, कडा कापून सरळ करू नका, मागे पेनने काही लिहू नका. तो कोणाकडून, कधी आणि कुठल्या पेटीतून मिळाला, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. घरातली माणसं आहेत तोवर ही माहिती मिळेल. नंतर ती शोधायला भिंग आणि दिवा लागेल.